सगळंच एका कमिटमध्ये कोंबू नका

मागच्या महिन्यात इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या बिलिंगचं काम करत होतो. प्रत्येक आयटमचा टॅक्स आधी राउंड होऊन मग बेरीज व्हायची, त्यामुळे एकूण बिलात दोन-तीन पैशांचा फरक पडायचा, तो दुरुस्त केला. त्याच फाईलमध्ये प्रिंटचा नवा लेआउटही अर्धवट करून ठेवला होता आणि रात्री घाईत गिट कमिट डॅश ए-एम मारून मोकळा झालो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, कमिट म्हणजे त्यातली एक नोंद, आणि या कमांडने फाईलमधले सगळे बदल एकाच नोंदीत जातात. दोन दिवसांनी लेआउट नको म्हणाले, मी ते कमिट रिव्हर्ट केलं, म्हणजे मागे घेतलं, आणि रिव्हर्ट पूर्ण कमिटच उलटवतं, म्हणून राउंडिंगची दुरुस्तीही गेली. सकाळी साडेनवाला व्यापाऱ्याचा फोन, पैसे परत जुळत नाहीयेत. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून गिट ॲड डॅश पी शिवाय कमिट करत नाही. गिट एकेक हंक, म्हणजे बदललेल्या ओळींचा तुकडा, दाखवून विचारतं, स्टेज करू का, म्हणजे पुढच्या कमिटसाठी घेऊ का? वाय म्हणजे घे, एन म्हणजे राहू दे, एस म्हणजे याचे अजून तुकडे कर. पण बदललेल्या ओळी सलग असल्या, मध्ये एकही न बदललेली ओळ नसली, तर एस चालत नाही, तिथे ई दाबायचं. एडिटर उघडतो, त्यात नव्या ओळीपुढे प्लस आणि काढलेल्या ओळीपुढे मायनस असतं. नको असलेली प्लसवाली ओळ सरळ पुसायची, पण मायनसवाली पुसायची नाही हं, फक्त मायनसच्या जागी स्पेस द्यायची, कारण ती ओळ जुन्या फाईलमध्ये आहे आणि आपल्याला ती तिथेच ठेवायचीये. मी इथेच दोनदा अडकलो होतो, पॅच, म्हणजे हा हाताने बदललेला तुकडा, लागतच नव्हता.

ऑफिसमधली ज्युनियर म्हणाली, "दादा, एवढं निवडत बसण्यापेक्षा ॲड डॉट करून सगळं एकदम घेतलेलं बरं ना?" अगं, निवडताना आपलाच कोड परत वाचून होतो, तपासणीसाठी टाकून काढायचा विसरलेला कन्सोल लॉग तिथेच सापडतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. निवडून स्टेज केलेला कोड तुम्ही कधी चालवलेलाच नसतो, तुम्ही चालवलेला असतो तो सगळ्या बदलांसकट. म्हणून कमिटच्या आधी गिट स्टॅश पुश डॅश डॅश कीप-इंडेक्स करा, म्हणजे स्टेज न केलेले बदल बाजूला जातात, टेस्ट चालवा, कमिट करा, मग स्टॅश पॉप करून ते परत आणा. सोबत डॅश यू पण द्या, नाहीतर ॲड न केलेली नवी फाईल डिस्कवर तशीच राहते, तुमच्याकडे टेस्ट पास होते आणि दुसऱ्याकडे बिल्डच होत नाही. आणि नवी फाईल ॲड डॅश पी मध्ये दिसतच नाही, तिचेही तुकडे निवडायचे असतील तर आधी गिट ॲड डॅश कॅपिटल एन करावं लागतं.

राउंडिंगचं कमिट आता वेगळं गेलंय, चार ओळींचं.