बीटा-अ‍ॅक्टिनच हललं तेव्हा

रोहूंना एरोमोनास हायड्रोफिला हा रोगकारक जिवाणू टोचून चोवीस तास झाले होते. पोटं लालसर, खवले किंचित उभे. अशा माशाच्या प्लीहेत लायसोझाइमचं, म्हणजे जिवाणू फोडणाऱ्या विकराचं, जनुक जोरात चालू असायला हवं. जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये मात्र ते निरोगी माशांच्या निम्म्यावर! हेपसिडिनही जेमतेम दुप्पट. रक्तातलं लोह दडवून जिवाणूची उपासमार करणारं हे जनुक ऐन संसर्गात इतकं सुस्त, हे पटेना.

पहिला संशय आरएनएवर गेला. माशाच्या प्लीहेत आणि हेड किडनीत (मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात) मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य असतं. ते आरएनएसोबत उतरलं की प्रती काढणारं विकर, पॉलिमरेझ, अडतं. आरएनए काढायच्या द्रावणाच्या, ट्रायझॉलच्या, १ मिलीला ५० मिलिग्रॅमच ऊती घेतली होती. जास्तीच्या लोभाने हात सैल सोडला की क्लोरोफॉर्मनंतरचा वरचा, आरएनएचा थर गढूळ येतो. (काढताना पित्ताशय फुटलं तर तो नमुना सरळ टाकून द्यावा.) आरएनएची शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास होतं, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) दहापट पातळ करून पुन्हा लावला. सीटी, म्हणजे संकेत उगवायला लागलेल्या सायकलींचा आकडा, ३.३ ने वाढला. दहापटीला तेवढाच वाढायला हवा, म्हणजे अडथळा नव्हता. आरएनएचा सीडीएनए करणारं विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, न घातलेल्या नळ्या कोऱ्या, म्हणजे डीएनएची भेसळही नाही.

मग बीटा-अ‍ॅक्टिनशी काढलेली गुणोत्तरं बाजूला ठेवून कच्चे सीटी पाहिले आणि चोर सापडला. प्रत्येक नळीत आरएनए सारखाच, १ मायक्रोग्रॅम. तरी आजारी माशांत बीटा-अ‍ॅक्टिन, म्हणजे स्थिर मानून बाकीची जनुकं ज्याच्याशी ताडतो ते आमचं मोजमापाचं जनुकच, दोन सायकल आधी उगवत होतं. दर सायकलला प्रती दुप्पट होतात, म्हणून दोन सायकल म्हणजे चौपट! संसर्गात प्लीहेतल्या पेशींचा मेळच बदलतो. धावपळ करणाऱ्या भक्षक पेशी वाढतात आणि त्यांना हलायला अ‍ॅक्टिन लागतं. हेपसिडिन तीन सायकल आधी आलं होतं, त्यातले दोन अ‍ॅक्टिनने खाल्ले. लायसोझाइम एकच सायकल आधी, म्हणून ते उलट घटल्यासारखं दिसलं.

त्याच सीडीएनएवर मोजमापाचं दुसरं जनुक, ईएफ-१ अल्फा, लावलं. दोन्ही गटांत ते जागचं हललं नाही. त्याच्या तुलनेत हेपसिडिन आठपट, लायसोझाइम दुप्पट.

नुसतं सलाइन टोचलेल्या माशांतही हेपसिडिन थोडं वर होतं. सुईनेही दाह होतो. त्यामुळे तुलना सलाइनवाल्यांशीच करावी. न टोचलेले मासे वेगळ्या टाकीत, फक्त पायाभूत पातळी कळावी म्हणून.