शेजारी बंधू

रविवारी दुपारी एक झाकण शोधताना फडताळाच्या तळाशी कडीचा डबा सापडला. बुडाला बारीक ठिपक्यांत नाव आणि तारीख, १२-५-७९. नाव आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. जुन्या वाड्यातल्या शेजारच्या काकूंचं होतं.

मला ही खोडच आहे. कुणाकडे पाणी प्यायलो की पेला उलटा करून वाचतो. बायको डोळे मोठे करते, पण त्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी भांड्यांच्या दुकानात आजीबरोबर गेलो की मी नाव घालणाऱ्या माणसापाशी जाऊन बसायचो. वायर लावलेली ती पेन्सिल टर्रर्र करत पातेल्यावर फिरायची आणि दाढा शिवशिवायच्या. एकदा त्याने आजीच्या नावातला काना गाळला. आजी म्हणाली, "राहू दे, पातेलं ओळखेल मला." पातेलं घडवलं कोणी, हे मात्र आम्ही कधीच विचारलं नाही.

डबा घासताना आठवण झाली ती व्वाझँ बंधूंची. गाब्रिएल आणि शार्ल. विमानं बांधणाऱ्या लुई ब्लेरिओबरोबरची गाब्रिएलची भागीदारी मोडल्यावर 1906 मध्ये या दोघांनी पॅरिसजवळ बियाँकूरला विमानांचा कारखाना काढला. गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे आणि यांनी विमान बांधून द्यायचं, असा सरळ धंदा. तोही अशा काळात, जेव्हा विमान उडतं यावर निम्म्या युरोपचा विश्वास नव्हता. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांतला एक लेओं दलाग्रांज, पेशाने शिल्पकार. विमानाची शेपटी म्हणजे कापड ताणलेली पेटी, पेटीपतंगासारखी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव कोणाचं? गिऱ्हाइकाचं! आमच्या पातेल्यासारखंच.

13 जानेवारी 1908 ला पॅरिसजवळ इसी-ले-मुलिनोच्या मैदानावर आंरी फारमान या दुसऱ्या गिऱ्हाइकाने असंच एक विमान एक किलोमीटरचा फेरा मारून परत आणलं. 1 मिनिट 28 सेकंद. पंख तिरपे करायची सोयच नव्हती, त्यामुळे वळणं सगळी सुकाणूवर, बैलगाडी वळवावी तशी रुंद. बक्षीस 50 हजार फ्रँक. सगळीकडे नाव झालं ते फारमानचं. साहजिकच आहे, जेवण चांगलं झालं तर आपण तांबटाला कुठे दाद देतो?

पण गाब्रिएलही काही कमी नव्हता. फारमानने सांगून बनवून घेतलेलं एक विमान त्याने परस्पर मूर-ब्रेबझन नावाच्या इंग्रजाला विकून टाकलं. फारमान असा भडकला की त्याने स्वतःचाच कारखाना काढला आणि व्वाझँ बंधूंना तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. एकाच्या नावाचं भांडं दुसऱ्याच्या घरी गेलं की काय होतं, हे वाड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

1912 मध्ये शार्ल मोटार अपघातात गेला. महायुद्धात कारखान्याने बॉम्बफेकी विमानं बांधली. युद्ध संपल्यावर गाब्रिएल मोटारींकडे वळला, तरी पाटीवर 'आव्हियों व्वाझँ' असंच. आव्हियों म्हणजे विमानं. मोटारीवर लिहिलेलं विमान! फराळाच्या डब्यात सुईदोरा निघावा, तसं.

आणि व्वाझँ म्हणजे फ्रेंचमध्ये शेजारी. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो. जगातल्या पहिल्यावहिल्या विमान कारखान्यांतल्या एकाचं नाव शेजारी बंधू, आणि त्यांच्या मालावर नाव भलत्याचंच.

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणूनच तो आमच्याकडे राहिला असणार, आज लाडू करू, उद्या चिवडा, असं म्हणता म्हणता. वाडा पडून वीस वर्षं झाली. काकू मुलाकडे गेल्या, कुठल्या गावी ते आईला माहीत होतं.

डबा पुसून ओट्यावर ठेवला. संध्याकाळी बघतो तर बायकोने त्यात रवा भरला होता. बरोबर किलोभर मावतो.