बोनेटला भोकं पाडायला आलेली गाडी

आमचा धंदा डक्टिंगचा. साताऱ्याच्या एमआयडीसीत शेड आहे. जीआयचा पत्रा कापायचा, वाकवायचा, फ्लँज जोडायचे आणि मंगल कार्यालय असो की कोल्ड स्टोरेज, हवा जिथं पाहिजे तिथं पोचवायची. त्यामुळं कऱ्हाडचा एक पोरगा जमिनीला टेकलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभा राहिला तेव्हा वाटलं, हा पत्ता चुकला. पत्ता बरोबर होता. त्याला बोनेटला भोकं पाडून पाहिजे होती आणि आमच्याकडं पत्र्याचं फिनिशिंग चांगलं होतं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.

गाडीवर त्यानं, म्हणजे त्याच्या वडिलांनी, बराच पैसा ओतलेला. मोठा टर्बो, इंटरकूलर, रुंद टायर, फायबरचा बंपर, डिकीवर हातभर उंच विंग. तक्रार एकच, गाडी तापते. जाड रेडिएटर बसवला, थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं, तरी काटा चढतोच.

"कधी तापते?" मी विचारलं.

"हायवेला, काका. गावात काय नाय. पोवई नाक्यावर कितीबी अडकू द्या, काटा हलत नाय. हायवेला नव्वदच्या आसपास जरा वेळ धरली की चढला."

निम्मं काम तिथंच झालं. उभ्या गाडीत हवा पंखा ओढतो, पळत्या गाडीत ती वेगामुळं आपोआप येते. गावात थंड राहते म्हणजे पंखा, पाण्याचा पंप, रेडिएटर सगळं धडधाकट आहे. वेगात तापते म्हणजे हवा येत नाही, नाहीतर आलेली जात नाही. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा दुसरंच निघतं. एसी गार करत नाही, ब्लोअर मोठा लावा म्हणून गिऱ्हाईक मागं लागतं, आणि जाऊन बघावं तर रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा परत ओढणाऱ्या जाळीपुढं कपाट उभं केलेलं असतं. आतली हवा निघाल्याशिवाय नवी येणार कुठून?

रेडिएटरचंही तसंच. पुढं दाब जास्त आणि मागं कमी असेल तरच जाळीतून हवा वाहते. ताशी 80 किलोमीटरला गाडीच्या नाकावर हवेचा जो दाब येतो, तो पाण्याच्या उंचीत मोजला तर जेमतेम 30 मिलिमीटर. सातारा उंचावर असल्यानं आणखी दोनेक मिलिमीटर कमीच. भांडवल एवढंच, त्यातलं जाळीच्या कामी किती येतं ते मोजायचं. म्हटलं, भोकं नंतर पाडू, आधी मोजू.

मोजायला वापरली गवंड्याची लेव्हलची नळी. पारदर्शक, निळ्या पाण्यानं अर्धी भरलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर चिकटवलेली. एक टोक रेडिएटरच्या पुढं, दुसरं मागं, आणि पट्टी डॅशबोर्डवर उभी. पोरग्यानं मोबाइल काढून फोटो घेतला आणि हसला. एवढ्या महागाच्या गाडीत गवंडीकामाची नळी! पण शाळेत शिकवतात तो दाब मोजायचा मॅनोमीटर हाच. ब्रेक मारला किंवा रेस दिली की पाणी डुचमळतं, म्हणून वेग स्थिर धरूनच वाचायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं. दुसरी वस्तू लोकर. बोटभर लांबीचे तुकडे कागदी टेपनं बोनेटवर, छतावर आणि मागच्या काचेवर ओळीनं चिकटवले. धागा जिकडं लोळेल तिकडं हवा चालली समजायचं.

पहाटे नागठाणे ते अतीत अशा फेऱ्या मारल्या. पहाटे अशासाठी की रहदारी कमी आणि वाराही पडलेला. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या, इथला वारा दुपारनंतर आकडे बिघडवतो. तरीही प्रत्येक आकडा जाताना एकदा आणि येताना एकदा घ्यायचा. स्पोर्ट्स कार तो चालवत होता, मी शेजारी नळीवर डोळा ठेवून, आणि आमचा हेल्पर मागून ओम्नीतून मोबाइलवर शूटिंग करत. 80च्या वर जायचं नाही असं मी बजावलेलं.

नळीत फरक दिसला पाच-सहा मिलिमीटर. म्हणजे नाकावर आलेल्या दाबातला पाचवा हिस्साच जाळीच्या कामी येत होता.

मग हेल्परला बाजूच्या लेनमधून ओम्नी बरोबरीनं आणायला लावली, बोनेट बघायला. खाली उतरल्या उतरल्या तो ओरडला, "काका, मागली दोरं आत वडाय लागल्यात!"

शूटिंग पाहिलं. बोनेटच्या मधल्या भागातले धागे काचेकडं सरळ लोळत होते. काचेजवळच्या ओळीतले धागे मात्र बोनेटच्या फटीत शेपटी खुपसून बसलेले. पोरग्यानं बिजागरीखाली वॉशर टाकून बोनेट मागून दोन बोटं उचललं होतं, गरम हवा निघून जावी म्हणून. गाडी उभी असताना तिथून धग बाहेर येते, हे खरं. पण पळताना वारा पुढच्या काचेच्या पायथ्याशी आपटतो आणि तिथं दाब वाढतो. केबिनसाठी ताजी हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत वायपरखाली असते, ती याचमुळं. त्यानं बाहेर जायचा रस्ता म्हणून केलेली फट वेगात आत यायचा रस्ता झाली होती. रेडिएटरमागच्या कोंदट जागेत आणखी हवा कोंबली जात होती आणि जाळीतून येणारी पुढं सरकत नव्हती.

मला भोकं पाडायला सांगितलेली जागाही काचेजवळचीच होती. आकारही 'नाका' (NACA) डक्टचा, म्हणजे पत्र्यात खोलगट बसणाऱ्या हवेच्या तोंडाचा, मोबाइलवर फोटो दाखवून पसंत केलेला. तो आकार अमेरिकेत 1940च्या दशकात विमानांसाठी काढला, हवा आत घ्यायला. बाहेर सोडायला तो लावणं म्हणजे डक्टला ब्लोअर उलटा जोडणं. बोनेटला भोक पाडायचंच असेल तर ते पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागं. बोनेटच्या वळणावरून हवा तिथं वेगानं सरकते आणि दाब कमी होतो.

गाडी जॅकवर घेतली. इंजिनखालचा प्लॅस्टिकचा ट्रे गायब. ऑइल बदलताना अडचण होते म्हणून कुठल्याशा गॅरेजवाल्यानं काढला आणि परत बसवलाच नाही. खालून येणारा वारा सरळ इंजिनच्या खोलीत. पुढं नवा फायबर बंपर आणि जुन्या मापाचा रेडिएटर यांच्यात दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा. हवेला रेडिएटरच्या दाट जाळीतून जायची काय हौस? ती बगल देऊन निघून जात होती. आणि ही फुकट गेलेली हवा खरं तर फुकटही नसते. आत शिरून बोल्ट, पाइप, सस्पेन्शनवर आपटत बाहेर पडते आणि गाडीला मागं खेचते.

त्या गाडीला भोकं पाडण्याऐवजी बुजवायचीच होती. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन्ही बाजूंना गाल केले, वर एक झाकण केलं आणि रेडिएटरला टेकते तिथं फोमचं गॅस्केट लावलं. तोंडाकडून रेडिएटरकडं हळूहळू रुंद होत जाणारा हा खरं तर डक्टच, आमचं रोजचं काम. हवा पसरते, मंदावते, दाब वाढतो. म्हणूनच तोंड जाळीपेक्षा बरंच लहान असलं तरी चालतं. खाली पत्र्याचा ट्रे बसवला, ऑइलच्या नटापुरती झडप ठेवून, म्हणजे पुढचा मेकॅनिक तो फेकून देणार नाही. वॉशर काढून बोनेट खाली बसवलं. फक्त गाल लावल्यावर नळीत नऊ-दहा मिलिमीटर दिसलेले, ट्रे आणि बोनेट झाल्यावर पंधराच्या पुढं.

विंगवरून मात्र वाद झाला. मागच्या काचेवरचे धागे गाडी पळताना उलटे, छताकडं तोंड करून नाचत होते. म्हणजे छतावरची हवा तिथं पत्रा सोडून भोवरे करत होती आणि विंग त्या भोवऱ्यांत उभं होतं. तिथं ते गाडीला खाली दाबत नाही, फक्त अडवतं. "काका, पण दिसतंय भारी," तो म्हणाला. दिसायला भारी आहेच, मी कुठं नाही म्हणतो. शेवटी काढून बघायला तयार झाला. 80 वर न्यूट्रल टाकून गाडी 60 वर यायला किती वेळ लागतो ते दोन्ही दिशांनी घेतलं. विंग काढल्यावर सेकंद-दीड सेकंद जास्त लागला. ऐकायला किरकोळ आहे, पण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. 80ऐवजी 100ला जवळपास दुप्पट. टर्बोतून काढलेली ताकद तो या पंखाला खाऊ घालत होता. शिवाय मूळ बांधणीत फेरफार केलेल्या गाडीला रस्त्यावर परवानगी नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. हे ऐकल्यावर विंग पोत्यात गेलं.

आठवड्याभरानं तो पुण्याला जाऊन आला. हायवेला काटा जागचा हलला नाही. पण परतताना खंबाटकी चढताना, ट्रकांच्या मागं, दुसऱ्या गिअरमध्ये, थोडा वर सरकला. घाटात वेग नाही आणि इंजिनावर भार पुरा, म्हणजे सगळी मदार पंख्यावर. पंखा उघडाच लावलेला होता, त्यामुळं त्याच्या गोलापुरतीच जाळी ओढली जायची आणि कोपरे कोरडे. पूर्ण जाळीमागं पत्र्याचं श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, करून दिलं. पण नुसतं बंद श्राउड वेगात पुन्हा हवा अडवणार, म्हणून कोपऱ्यांत रबराच्या झडपा ठेवल्या. पंखा ओढतो तेव्हा त्या चिकटून बसतात, हायवेला पुढून दाब आला की उघडतात. त्या कापायला वापरलं ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर, आणि बिलात त्याचे पैसे का लावले यावर पोरग्याच्या वडिलांनी फोन करून माझ्याशी हुज्जत घातली.