काकडांशिवाय शेवळं नाहीत

"काकडं नको असतील तर शेवळंही राहू द्या, ताई," असे म्हणत कल्याण स्थानकाबाहेर बसलेल्या मावशींनी माझ्या हातातली शेवळांची, म्हणजे एका रानभाजीची, जुडी चक्क परत घेतली.

गिऱ्हाईक गेले तरी चालेल, पण भाजी अर्धवट द्यायची नाही, असा तो बाणा होता. शेवळाला खाज असते, काकडाच्या आंबट फळांचा रस घातल्याशिवाय ती मरत नाही आणि निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकला नाही तर घसा धरतो, हे त्यांनी एक शेवळ सोलून, तो भाग नखाने खुडून मला दाखवले. मुरबाडकडच्या रानातून त्यांनी ती स्वतः खुडून आणली होती. पहिल्या पावसाच्या आगेमागे काही दिवसच ती मिळते.

जवळ पिकलेली भाजी तेवढी चांगली, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. रेल्वे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेला पालकही मुंबईकरांच्या जवळचाच असतो. ताजेपणा आणि वाहतुकीची बचत हे फायदे खरेच. पण भाजी कुठे उगवली, कशी शिजवायची आणि कशाने बाधेल, हे ठाऊक असलेले माणूस समोर बसलेले असते, याचे मोल मला अधिक वाटते. ॲपवरून मागवलेल्या पिशवीवर वजन आणि किंमत छापलेली असते. खाजेबद्दल तिथे कोण बजावणार?

तुमच्या बाजारात रानभाजी देताना असे खडसावणारे कुणी अजून बसते का?