शिखर समोर होतं, तरी परतलो

आज शिखर जेमतेम 300 मीटरवर होतं आणि आम्ही मागे फिरलो. पहाटे 3 ला निघालो तेव्हा आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. 10 च्या सुमारास पश्चिमेला कापसासारखे ढग उभे वाढायला लागले, अर्ध्या तासात त्यांची बुडं काळी पडली. वीज चमकली, मी सेकंद मोजले. 24 वर गडगडाट. म्हणजे वीज फक्त 8 किलोमीटरवर! 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्या धारेवर थांबायचं नाही, एवढं डोक्यात पक्कं होतं.

"तासाभराचंच तर राहिलंय रे," मित्र म्हणाला. त्याची तगमग कळत होती, माझीही तीच होती. पण उतरलो.

वाटेत गारा, मग बर्फ. वर चढताना दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी घसरतं हे माहीत होतं. वारा आणि ओले हातमोजे त्यात काय भर घालतात, ते आज बोटांना कळलं. धार सोडून खाली आलो तर मित्राला जॅकेटची चेनही लावता येईना, बोलणं अडखळत होतं. फार घाबरलो. आडोशाला बसवून त्याला कोरडे कपडे चढवले, थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पाजलं.

आता तंबूत तो गाढ झोपलाय. हात उबदार आहेत, दोनदा बघितले. बाहेर अजून गडगडतंय.