मोडीत निघालेल्या अंगठ्या: आमची वाटचाल

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये, वॉर्स्टन लेनजवळच्या एका जुन्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं, खरं तर दीड खोली. पुढे काचेचं टेबल आणि दोन खुर्च्या, मागे कारागिराचा बाक. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे 1837 ते 1901 च्या दरम्यान घडलेल्या सोन्याच्या अंगठ्या आम्ही विकत घेतो, लागेल तेवढीच दुरुस्ती करतो आणि विकतो. ब्रोच, लॉकेट असं बाकीचंही अधूनमधून येतं, पण पोट चालतं ते अंगठ्यांवर.

मी मूळची कोल्हापूरची. गुजरीत आमच्या घरची सराफी. तिथे जुना दागिना म्हणजे मोड. गिऱ्हाईक आजीच्या पाटल्या घेऊन आलं की बाबा त्या कसोटीवर घासायचे, वजन करायचे, डाखाची, म्हणजे सांध्यातल्या जोडधातूची, घट धरायचे, आणि संध्याकाळपर्यंत पाटल्या मुशीत. त्यात कुणालाच काही गैर वाटायचं नाही. सोनं घरचंच, घडण तेवढी नवी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा हातात हेच एक काम होतं, म्हणून क्वार्टरमधल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. अंगठ्या लहानमोठ्या करायच्या, हलणारे खडे घट्ट बसवायचे, खडा धरणाऱ्या झिजलेल्या नख्यांवर सोनं चढवायचं.

2008 च्या मंदीनंतर सोन्याचा भाव चढत गेला आणि इथे टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या: जुनं सोनं पाकिटात घालून पाठवा, रोख पैसे घ्या. आमच्या मालकांकडेही मोडीचा ओघ लागला. तुटक्या चेन, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, आणि त्यातच मिसळलेल्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अंगठ्या. खडे उचकटून पुडीत बांधायचे आणि सोनं रिफायनरीला पाठवायचं, असा रिवाज.

त्या ट्रेमध्ये मला एक नागाची अंगठी दिसली. दोन वेढे घेतलेला नाग, डोळ्यांच्या जागी मोहरीएवढी दोन माणकं, कपाळावर किंचित तिरपा बसलेला जुन्या घडणीचा हिरा. वेढ्यांच्या बाहेरच्या बाजूचे खवले शेजारच्या बोटांशी घासून पार गुळगुळीत झाले होते. पण दोन वेढ्यांच्या मधल्या खाचेत नख फिरवलं तर एकेक खवला अजून लागत होता. कुणीतरी ती वर्षानुवर्षं न काढता घातली असणार. मालकांना विचारलं, मोडीच्या भावात मला द्याल का? त्यांनी खांदे उडवले, वजन केलं आणि पगारातून पैसे वळते केले. घरी दाखवली तर नवरा म्हणाला, "बोटात साप कोण घालतं?" म्हटलं, खुद्द राणीने घातला होता. अल्बर्टने तिला दिलेली साखरपुड्याची अंगठी नागाचीच होती, डोक्यावर पाचू असलेली. 1840 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढे कित्येक वर्षं इंग्लंडभर नागांचं पीक आलं. आमचा धंदा सुरू झाला तो तिथून, असं म्हणायला हरकत नाही. ती अंगठी मी विकली नाही.

इंग्लंडची अंगठी आतून वाचायची असते. हे वाचन मला नोकरीतल्या एका म्हाताऱ्या कोंदणकाराने शिकवलं, आणि पुढे निवृत्त झाल्यावर तेच आमच्याकडे कामाला आले. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावायचं आणि वळ्याच्या आतल्या बाजूला खिडकीच्या उजेडात तिरपं बघायचं. आधी कारागिराची आद्याक्षरं, मग कस, मग शहराची खूण, मग वर्षाचं अक्षर. कस तपासून हे शिक्के मारणारं बर्मिंगहॅमचं परीक्षण कार्यालय 1773 मध्ये सुरू झालं. त्याआधी इथल्या कारागिरांना माल चेस्टरला किंवा लंडनला पाठवावा लागे. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने पार्लमेंटपर्यंत खटपट करून ते आणलं. बर्मिंगहॅमची खूण आहे जहाजाचा नांगर. समुद्र इथून कुठल्याही दिशेला चांगला लांब, तरी नांगर! लंडनचा बिबट्याचा चेहरा, चेस्टरच्या गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. इथले बरेच कारागीर पुढेही आपला माल चेस्टरलाच पाठवत राहिले, त्यामुळे पेंढ्या दिसल्या म्हणून अंगठी चेस्टरलाच घडली असं समजायचं नाही. चेस्टरचं कार्यालय 1962 मध्ये बंद झालं, आणि आता त्या शिक्क्याच्या मागे लागलेले संग्राहक वेगळेच.

आणखी एक खूण 1890 पर्यंत असायची, राणीच्या चेहऱ्याची. कर भरल्याची ती पावती. आपल्याकडच्या राणीछाप रुपयावर असतो तसा चेहरा, फक्त तिळाएवढा. तो असला की अंगठी 1890 च्या अलीकडची नाही, हे नक्की.

कसाचीही अशीच गंमत. 1854 पर्यंत इथे 18 आणि 22 कॅरेट एवढेच दर्जे कायद्याला मान्य होते. त्या वर्षी 15, 12 आणि 9 कॅरेटला परवानगी मिळाली, आणि बर्मिंगहॅमच्या यंत्रांनी कारकुनाच्या बायकोलाही परवडेल असा दागिना बाजारात ओतला. 1932 मध्ये 15 आणि 12 दोन्ही बंद करून त्यांच्या जागी 14 आणलं. म्हणजे वळ्याच्या आत 15 आणि .625 (हजारात 625 भाग सोनं) दिसलं की निम्मी परीक्षा तिथेच संपते. अंगठी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांतलीच. अडचण अशी की 1855 पासून शिक्क्याची सक्ती होती ती लग्नाच्या वळ्यांना. खड्यांच्या अंगठ्यांवर पुष्कळदा शिक्काच नसतो. कायद्याने 1950 पूर्वीची वस्तू शिक्क्याशिवाय सोन्याची म्हणून विकता येते, मात्र कस दाखवून देणं विकणाऱ्याकडे. इथे गुजरीचं शिक्षण कामी आलं. आता आम्ही परीक्षणाच्या यंत्रावरही तपासून घेतो, पण आधी दगडावर रेघ ओढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नोकरी सोडून स्वतःचा बाक भाड्याने घेतला तेव्हा भांडवल म्हणजे माझ्या बांगड्या आणि नवऱ्याची जुनी गाडी. सुट्टीच्या दिवसांत नेवार्कच्या जत्रेला जायचो. विमानतळाच्या जुन्या मैदानाशेजारी भरणारा हा प्रचंड बाजार. पहाटे फाटक उघडलं की व्यापारी हातात टॉर्च घेऊन धावतात. तिथे भाव करायची रीत शांत. आवाज चढवायचा नाही, अंगठी परत ठेवायची, दुसरी उचलायची, आणि निघताना सहज विचारायचं. मंडईत मेथीची जुडी घेताना करतो तेच, पण इंग्रजीत आणि हसऱ्या चेहऱ्याने. हिशेब नवऱ्याकडे. जुन्या मालावरचा व्हॅट पूर्ण किमतीवर नाही, नफ्याच्या फरकावर भरायची इथे सोय आहे. ती नसती तर आमच्यासारखे बारके लोक टिकलेच नसते. त्यासाठी प्रत्येक अंगठीची खरेदी-विक्री वेगळी नोंदवावी लागते. 2020 मध्ये जत्रा बंद पडल्या, दुकानाला कुलूप लागलं, आणि आम्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून अंगठ्या दाखवायला लागलो. ते पुढेही चालू राहिलं.

या धंद्यात खरी मेख आहे ती नंतर झालेल्या फेरफारांची. दीडशे वर्षांत अंगठी तीन-चार हातांखालून जाते. लहानमोठी करताना कुणी नेमकं शिक्क्यावरच कापतं. कुणी तुटकं वळं शिशाच्या डाखाने जोडतं. करडा, मऊ, नखाने ओरखडता येईल असा ठिपका दिसला की आमचे कोंदणकार आगीचं नाव काढू देत नाहीत, कारण तापवलं की शिसं सोन्यात उतरून ते खातं. आधी सगळं शिसं खरवडून काढायचं, मग पुढचं. टायपिनचं डोकं कापून त्याला नवं वळं लावलेल्या 'व्हिक्टोरियन' अंगठ्या तर पैशाला पासरी.

आणि माणकं. कृत्रिम माणिक वितळवून बनवायची ऑगस्त व्हर्नुईची पद्धत 1902 मध्ये जाहीर झाली, राणी गेल्यानंतर. अशा खड्यात वाढीच्या रेषा वाकड्या दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. खाणीतल्या माणकात त्या सरळ असतात. 1880 ची अंगठी आणि आत वाकड्या रेषा, म्हणजे खडा नंतर बदललेला. ती अंगठी आम्ही टाकून देत नाही, विकतोही, पण सोबतच्या कागदावर लिहून: माणिक कृत्रिम, नंतर बसवलेलं. वळं कुठे जोडलंय, कुठली नखी नवी, मापात किती फरक केला, सगळं त्या कागदावर असतं. सुरुवातीला शेजारचे व्यापारी हसायचे, की स्वतःच्याच मालाची निंदानालस्ती कोण लिहून देतं. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या कागदासाठी परत येतात.

हिरे मात्र मला बघताक्षणी आवडतात. तेव्हाचे पैलू हाताने पाडलेले, उशीसारखा आकार, आणि तळाचं टोक छाटलेलं. वरून बघितलं की मधोमध एक बारीक ठिपका दिसतो. आजच्या हिऱ्यासारखे ते दिव्याखाली चकचकत नाहीत. मेणबत्ती लावून बघा, मग कळतं ते कशासाठी पाडले होते. 1870 नंतर दक्षिण आफ्रिकेचा माल यायला लागला आणि पाच हिरे ओळीने बसवलेली अंगठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आमच्याकडे सर्वांत जास्त खपते ती हीच.

मराठी गिऱ्हाईक फार उशिरा आलं. पहिला प्रश्न, "वापरलेली? कुणाची?" दुसरा, 9 कॅरेट बघून, "हे तर पितळच की!" बावीस कॅरेटवर वाढलेल्या माणसाला ते पटवणं अवघडच, मी वाद घालत नाही. एका काकूंनी मोत्याची अंगठी घेतली आणि म्हणाल्या, घरी नेऊन गंगाजलात बुडवून मगच घालणार. म्हटलं, काकू, बुडवू नका, बोटाने एक थेंब लावा. मोती आणि डाख दोन्ही जुने आहेत. ज्योतिषाने सांगितलेला खडा शोधणारेही येतात. त्यांना खडा बोटाला टेकलेला हवा असतो, आणि त्या काळच्या पहिल्या निम्म्यातल्या कितीतरी अंगठ्यांचं कोंदण मागून बंद असतं, आत वर्ख, आपल्या कुंदनाच्या कामात असतो तसाच. मागून भोक पाडून द्या म्हणतात. नाही देत. पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खड्याचा जीव जातो. भारतातून कुणी पणजीचे दागिने विकायला आणू का विचारलं तर त्यांनाही नाहीच म्हणते. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तू बाहेर न्यायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे.

सुतकी अंगठ्या आम्ही ट्रेमध्ये मांडत नाही, मागितल्या तर काढतो. अल्बर्ट 14 डिसेंबर 1861 ला गेला, राणीने मरेपर्यंत काळं घातलं, आणि देशाने तिचं अनुकरण केलं. काळ्या मीनाकामात स्मरणार्थ अशी अक्षरं, आणि काचेखाली गेलेल्या माणसाच्या केसांची बारीक वेणी. आमच्याकडे आलेल्या एकीत आतून 1864 हे साल आणि वय वर्षं तीन एवढं कोरलेलं होतं, मीना पांढरा. ती माझ्या मुलीला मी दाखवली नाही. अशा अंगठीला पाणी तर सोडाच, ओलं फडकंही लावायचं नाही. काच उचकटून आत साफ करून द्या म्हणणाऱ्याला कोंदणकार सरळ अंगठीच परत करतात.

व्हाइस स्ट्रीटवर इथलं संग्रहालय आहे. स्मिथ अँड पेपर हा बांगड्यांचा कारखाना 1981 मध्ये मालकांनी बंद केला आणि चहाचे कपसुद्धा जागच्या जागी राहिले, तसंच्या तसं जपलंय. तिथे मला गुजरी आठवली. हात धुतलेलं पाणी, झाडलेली धूळ, जुने ॲप्रन, सगळ्यातून सोनं परत काढायचे. आमच्या दुकानासमोरची माती न्यायला झारेकरी यायचे, ते यांच्याच जातकुळीचे.

सध्याचं मोठं संकट भावाचं आहे. जानेवारी 1980 मध्ये सोनं औंसाला 850 डॉलरवर गेलं तेव्हा या गल्ल्यांतून किती जुने दागिने वितळले याच्या आठवणी म्हातारे व्यापारी अजून काढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये भावाने 4000 डॉलर ओलांडले. आता पहिला बळी जातो तो 22 कॅरेटच्या साध्या, जाड वळ्यांचा. खडा नाही, नक्षी नाही, वजन भरपूर. राणीचा चेहरा असलेलं लग्नाचं वळं वितळवलं तर जास्त पैसे येतात, विकलं तर कमी, हा हिशेब कुणालाही कळतो. क्वार्टरमधल्या दोन मोडवाल्यांशी आम्ही बोलून ठेवलंय: माल रिफायनरीला जायच्या आदल्या दिवशी ट्रे आम्हाला दाखवायचा, आम्ही रिफायनरीपेक्षा थोडं वर देणार. सगळं घेणं झेपत नाही. 1890 पूर्वीचं आणि सगळे शिक्के वाचता येणारं वळं असेल तरच घ्यायचं, असं ठरवलंय, आणि तेवढ्यानेही बरंच भांडवल अडकून पडलंय. नवरा दर गुरुवारी त्याबद्दल बोलतो. ट्रेही दर गुरुवारीच येतो.