बाईंचा पानिपतचा नकाशा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. गणिताच्या सरांवर लिहावं, कवायतीच्या सरांवर लिहावं, असं ठरवून बसलो. पण कागद बाईंनीच भरून टाकले. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या बाई, हे १९७० ते ९० या काळातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

मी १९७५-७६ साली नववी ‘ब’मध्ये होतो. त्या वर्षी बाईंनी आम्हाला पायी माहुलीला नेलं होतं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी पाहायला आम्ही सगळे धावलो आणि बाई एकट्याच घाटाच्या पायरीवर बसून राहिल्या. आम्ही परत आल्यावर म्हणाल्या, “कुत्र्याची समाधी पाहिलीत, आता या गावच्या माणसाबद्दल ऐका.” तो माणूस म्हणजे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर जेमतेम एक परिच्छेद असेल. बाईंनी त्यांच्यावर आमचे चार तास घेतले.

पहिला तास नारायणरावाच्या खुनाचा. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस, भर दुपार, आणि शनिवारवाड्यात घुसलेले गारदी. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन काकाच्या, राघोबांच्या कमरेला मिठी मारतो. ‘ध’ चा ‘मा’ आम्हाला पाठ होता, तो सांगायला सगळ्यांचे हात वर. बाई म्हणाल्या, “अक्षर कुणी बदललं याच्या गोष्टी खूप झाल्या. ते मूळ पत्र आज कुणी दाखवू शकत नाही. मला हातांबद्दल सांगा. हात कुणाचे होते?” मग त्यांनी फळ्यावर दोन नावं लिहिली. तुळाजी पवार, राघोबांचा सेवक. त्याने नारायणरावाला धरून ओढलं. चाफाजी टिळेकर, नारायणरावाचा सेवक. हातात शस्त्र नसताना त्याने धन्याला मिठी घातली आणि दोघे एकदमच मारले गेले. दोघेही नोकर, दोघेही हुकमाचे ताबेदार आणि दोघेही त्याच खोलीत.

“चाफाजी कोण व्हाल?” बाईंनी विचारलं. सगळा वर्ग उभा राहिला. बाईंनी खाली बसवलं. थोडा वेळ कुणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, “त्या रात्री तुळाजी घरी जाऊन जेवला असेल का?”

हा प्रश्न मला का लागला, ते आता सांगतो. आजवर हे मी घरच्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात नकाशांच्या खोलीत बाईंनी स्वतः काढलेला पानिपतचा मोठा नकाशा फाटला होता. कापडावर चिकटवलेला, शाईने रंगवलेला, यमुना निळी आणि अब्दालीची वाट तांबडी. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं आत शिरलो होतो, काठीला गुंडाळलेला नकाशा भाला म्हणून ओढाओढीत धरला आणि तो उभा फाटला. आम्ही पळालो. खोलीला कुलूप घालायचं काम शिपाईमामांचं. हलगर्जीपणा केला म्हणून मामांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. मामा काही बोलले नाहीत, घंटा मात्र वेळेवर देत राहिले. आणि मी त्या रात्री जेवलो होतो. आईने थालीपीठ केलं होतं, मी तिसरंही मागून घेतलं होतं. बाईंचा प्रश्न ऐकला आणि ते तिसरं थालीपीठ आठवलं.

शाळा सुटल्यावर बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. इतर दोघांची नावं मात्र सांगितली नाहीत, आणि बाईंनीही विचारली नाहीत. मला वाटलं होतं, बाई रागावतील किंवा शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, “मला सांगून काय होणार? नकाशा माझा होता, पगार मामांचा गेला.” मग मी मामांकडे गेलो. मामा विहिरीवर बादल्या भरत होते. माझं ऐकून घेतलं, दोर माझ्या हातात दिला, “ओढ” म्हणाले. दहा-बारा बादल्या मी काढल्या. त्यापलीकडे एक शब्द बोलणं झालं नाही.

नकाशा पुन्हा काढायचा ठरला. तीन रविवार मी बाईंच्या घरी पट्टी धरून बसलो. कुंजपुरा, कर्नाल, बागपत ही नावं मी त्या टेबलावर शिकलो. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला, मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ पर्यंत उपासमार इतकी झाली की लढून मरणंच बरं वाटू लागलं. मी विचारलं, “चूक कुणाची, बाई?” त्या म्हणाल्या, “चूक शोध, पण त्या माणसाला त्या दिवशी काय ठाऊक होतं, ते आधी शोध.” मल्हारराव होळकर रणातून निघून गेले म्हणून आमच्या वर्गाने त्यांना फितूर ठरवलं होतं. बाईंनी तो शब्द कधी वापरू दिला नाही.

तिसऱ्या रविवारी बाई खिडकी लावून बोलल्या. डिसेंबर महिना होता, देशात आणीबाणी. बाई एसटीने कराडच्या साहित्य संमेलनाला जाऊन आल्या होत्या. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलल्या, आजारी जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून त्यांनी प्रार्थना केली, तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण असताना, केंद्रात परराष्ट्रमंत्री असताना. हे सांगताना बाईंचा आवाज कापत होता. यशवंतराव म्हणजे आमच्या जिल्ह्याचा देव, बाईंच्या घरात त्यांचा फोटो होता. मी भाबडेपणाने विचारलं, “मग यशवंतराव वाईट का?” बाई बराच वेळ पट्टीवर बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “स्वागत त्यांनीच केलं ना? पण ते दिल्लीत काही बोलले नाहीत. दोन्ही लिहून ठेव.” पुढे दुर्गाबाईंना अटक झाली तेव्हा बाईंनी वर्गात काही म्हटलं नाही, फळ्यावर तारीख तेवढी लिहिली. यशवंतरावांचा फोटो त्यांनी भिंतीवरून कधी काढला नाही. मला त्या वेळी हे कोडं वाटायचं. आता वाटत नाही.

रामशास्त्रींच्या शेवटच्या तासाला बाईंनी विचारलेला प्रश्नही मी जन्मभर वागवला. चौकशी करून शास्त्रींनी राघोबांना तोंडावर सांगितलं, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, आणि पुणं सोडून कृष्णाकाठी निघून आले. “मग झाली का राघोबांना शिक्षा?” नाही झाली. पेशवेपदावर ते काही महिने बसले, बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी उठवलं तेव्हा १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि इंग्रजांना मराठ्यांच्या घरात आणलं. शास्त्री मात्र नाना फडणवीसांच्या काळात परत त्याच आसनावर येऊन बसले. बाईंनी इथे उत्तर दिलं नाही. तास संपला.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली. एका तालुक्यातल्या पतसंस्थेला ‘अ’ वर्ग द्यावा म्हणून घरापर्यंत माणसं आली होती. कर्जदारांच्या यादीत संचालकांचे नातेवाईक, तारणाच्या जागी कोरे कागद. मी ‘ड’ दिला. दीड वर्षात दोन बदल्या झाल्या, मुलीची दहावी मध्येच दुसऱ्या गावी गेली. संस्था त्यानंतरही सहा वर्षं चालली आणि बुडाली तेव्हा माझा अहवाल कुणी बाहेर काढला नाही. त्या सहा वर्षांत बाईंचा तो शेवटचा प्रश्न मी कितीदा स्वतःला विचारला असेल. आणखी एक संस्था होती, तिथे मी सही केली होती. मुलगी आजारी होती, बदली नको होती. त्या संस्थेचे ठेवीदार मला आजही बाजारात भेटतात, नमस्कार करतात.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. कौलारू इमारत पाडली, नकाशांच्या खोलीच्या जागी संगणककक्ष आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण, आणि मुलं रिकाम्या जागा पाठ करतात. नातवाला विचारलं, चाफाजी टिळेकर कोण? त्याने ते नाव ऐकलेलं नव्हतं. बाईंसारखे चार तास आज कोण घेणार आणि कुणाच्या परवानगीने?

बाई आता नाहीत. त्यांचा आणि माझा तो दुसरा नकाशा जुन्या कपाटात गुंडाळलेला मिळाला, असं कार्यालयातून कळलं. प्रदर्शनात तो लावणार आहेत. ‘कुंजपुरा’तल्या ‘पु’चा उकार मी दीर्घ काढला होता. बाईंनी तो खोडू दिला नव्हता, तो तसाच आहे म्हणतात.

एक विनंती मात्र समितीला करतो. कापलेला अर्धा दिवस मामांना परत मिळाला का, हे मी त्या वेळी विचारलं नाही, पुढेही नाही. मामांच्या घरचं कुणी समारंभाला येणार असेल तर मला आधी कळवा. माझा पत्ता कार्यालयात दिलेला आहे.